नेमलेले वाचन ग्रंथालयाच्या राखीव विभागात कसे ठेवावे

साठ विद्यार्थ्यांच्या वर्गाला एखाद्या पुस्तकातले एक प्रकरण पुढच्या सोमवारपर्यंत वाचून यायला सांगितले आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्या पुस्तकाची एकच प्रत असली, तर पुढे काय घडते हे देवघेव काउंटरवर बसणाऱ्या कोणालाही पाठ असते. तास संपताच जो विद्यार्थी जिना उतरून सर्वांत आधी पोहोचतो तो ते पुस्तक नेहमीच्या नियमाप्रमाणे पंधरा दिवसांसाठी घरी नेतो, उरलेले एकोणसाठ जण हात हलवत परत जातात आणि सोमवारची चर्चा एकट्याच्या वाचनावर होते. यात त्या विद्यार्थ्याने कोणताही नियम मोडलेला नसतो आणि ग्रंथालयानेही नसतो. चुकलेले असते ते एवढेच, की एका आठवड्यात साठ जणांनी वाचायचे पुस्तक पंधरा दिवसांच्या मुदतीवर ठेवलेले होते.

राखीव विभाग या एका दुरुस्तीसाठी असतो. तेथे पुस्तक दिवसांच्या नव्हे, तासांच्या मुदतीवर दिले जाते, ते खुल्या कपाटात न ठेवता काउंटरच्या आतल्या बाजूला ठेवले जाते आणि सहसा इमारतीबाहेर जात नाही. पुढील मार्गदर्शन प्राध्यापक आणि ग्रंथालयातील सहकारी या दोघांसाठी आहे, कारण यातली निम्मी कामे शिकवणाऱ्या विभागात आणि निम्मी ग्रंथालयात होतात आणि बहुतेक घोटाळे या दोहोंच्या मधल्या वाटेत होतात. उदाहरणे महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या नेहमीच्या रचनेला धरून दिली आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ नंतर विद्यापीठांत ग्रंथालयाला ‘ज्ञानस्रोत केंद्र’ म्हटले जाऊ लागले, पण पाटी बदलली तरी काउंटरवरचे काम तेच आहे.

काय राखीव ठेवावे आणि काय ठेवू नये

अभ्यासक्रमाच्या शेवटी छापलेली संदर्भग्रंथांची यादी जशीच्या तशी ग्रंथालयाकडे पाठवणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. अभ्यासमंडळाने मंजूर केलेल्या त्या यादीत कधी चाळीस, कधी साठ ग्रंथ असतात. त्यांतले काही पार्श्वभूमीसाठी, काही प्रकल्प करणाऱ्यांसाठी आणि काही, स्पष्ट बोलायचे तर, यादी भरदार दिसावी म्हणून असतात. हे सगळे ग्रंथ राखीव केले तर ते सगळे घरी नेण्याच्या व्यवस्थेतून बाहेर पडतात आणि प्रबंध लिहिणारा विद्यार्थी, शेजारच्या विभागातील प्राध्यापक, संलग्न महाविद्यालयातून आलेला वाचक अशा सर्वांना ते दोन तासांच्या तुकड्यांत वाचावे लागतात. राखीव कपाटात पडून राहिलेले पुस्तक कोणाच्याच उपयोगी पडत नाही.

कसोटी सोपी आहे. ठरावीक आठवड्यात, ठरावीक पृष्ठे, संपूर्ण वर्गाने वाचलीच पाहिजेत असे असेल तर ते पुस्तक राखीव करावे. ‘वाचले तर चांगले’ या वर्गातील ग्रंथ खुल्या कपाटातच राहू द्यावेत. साधारण चार श्रेयांकांच्या (क्रेडिट) एका विषयाला आठ ते बारा शीर्षके पुरतात असा माझा अनुभव आहे. यादी वीसच्या पुढे गेली की ती नेमलेल्या वाचनाची यादी राहिलेली नाही असे समजून एकदा प्राध्यापकांशी बोलावे.

काही गोष्टी राखीव विभागात येऊच नयेत. आंतरग्रंथालयीन देवघेवीतून दुसऱ्या ग्रंथालयाकडून आणलेले पुस्तक आपले नसते आणि त्याच्या परतीची तारीख आपल्या हातात नसते, म्हणून ते वर्जच करावे. विद्यार्थ्याने स्वतः विकत घेणे अपेक्षित असलेले क्रमिक पुस्तक एखादी प्रत म्हणून ठेवायला हरकत नाही, पण ते विकत घेण्याला पर्याय म्हणून राखीव विभागाकडे पाहू नये. गरजू विद्यार्थ्यांसाठी संपूर्ण सत्रभर पुस्तके देणारी बुक बँक योजना अनेक ठिकाणी असते आणि क्रमिक पुस्तकांची खरी जागा तेथे आहे. जे साहित्य महाजालावर सर्वांना मोफत उपलब्ध आहे, उदाहरणार्थ मराठी विश्वकोशातील नोंदी किंवा ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या संकेतस्थळावर ठेवलेले प्रबंध, त्यांसाठी कपाटातली जागा अडवण्याचे कारण नाही.

यादी कधी आणि कशी द्यावी

सत्र सुरू होण्यापूर्वी सहा आठवडे ही मुदत अनेकांना जाचक वाटते. ती का लागते ते सांगतो. ग्रंथालयात प्रत असेल आणि ती कपाटातच असेल तर काम दोन दिवसांत होते. प्रत एखाद्या संशोधक विद्यार्थ्याकडे दीर्घ मुदतीवर गेलेली असेल तर ती परत मागवावी लागते आणि मागणीपत्र मिळाल्यावर तो दुसऱ्याच दिवशी येईल असे नसते. प्रत मुळात नसेल किंवा एकच असेल, तर पुरवठादाराकडून दर मागवणे, आदेश देणे, पुस्तक आल्यावर ते दाखल नोंदवहीत चढवणे, वर्गीकरण, तालिकीकरण (तालिकेत, म्हणजे ग्रंथसूचीत, नोंद करणे), बारकोड आणि पाठीवरची चिठ्ठी या सगळ्यांत दीड-दोन महिने सहज जातात. जूनच्या अखेरीस अध्यापन सुरू होणार असेल तर यादी मेच्या मध्यास हाती हवी, आणि मेमध्ये विभाग सुट्टीवर असतो. म्हणून परीक्षांच्या उत्तरपत्रिका तपासण्याचे काम सुरू होण्यापूर्वीच यादी देऊन मोकळे व्हावे हे उत्तम. ऐनवेळी आलेली यादी म्हणजे वरातीमागून घोडे.

यादीतील प्रत्येक नोंदीत पुढील गोष्टी असाव्यात : विषयाचे नाव आणि सांकेतांक, सत्र, विद्यार्थ्यांची अपेक्षित संख्या, लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, आवृत्ती, नेमलेले प्रकरण त्याच्या नावासह, पृष्ठे, आणि ते कोणत्या आठवड्यात वाचायचे आहे. ग्रंथालयाच्या तालिकेत शोधून वर्गांक (पुस्तकाची कपाटातली जागा सांगणारा क्रमांक) आणि दाखल क्रमांकही (त्या प्रतीचा नोंदवहीतला क्रमांक) लिहिले तर काम निम्मे होते. शोधताना प्रत खरोखर आहे की ‘गहाळ’ म्हणून नोंदलेली आहे हेही तेथेच कळते.

एकदा माझ्याकडे आलेल्या यादीत एक नोंद अशी होती : ‘सहकार – कोणतेही चांगले पुस्तक.’ ही नोंद लिहिणाऱ्याला आपल्याला काय म्हणायचे आहे ते पक्के ठाऊक असणार, पण कपाटापुढे उभ्या असलेल्या सहायकाला ते कसे कळावे? याच्या जागी ‘आठवडा ४ ; प्रकरण ३, “पतपुरवठा आणि गावचा सावकार” ; पृ. ८७ ते ११२’ अशा घाटाची नोंद असली की पुस्तक शोधणारा, ते तपासणारा आणि ते वाचणारा असे तिघेही एकाच पानावर येतात.

मराठी ग्रंथांच्या बाबतीत दोन अडचणी विशेष आढळतात. पहिली आवृत्तीची. आपल्याकडे ‘दुसरी आवृत्ती’ आणि ‘पुनर्मुद्रण’ हे शब्द काटेकोरपणे वापरले जातातच असे नाही आणि प्रकाशक बदलला की अक्षरजुळणी नव्याने होऊन पृष्ठांक सरकतात. प्राध्यापकांच्या घरची प्रत एका प्रकाशकाची आणि ग्रंथालयातील दुसऱ्याची असली, तर ‘पृ. ८७’ वर भलताच मजकूर निघतो. म्हणून केवळ पृष्ठांक न देता प्रकरणाचे नाव द्यावे. दुसरी अडचण संपादित ग्रंथांची. यादीत लेखाच्या लेखकाचे नाव असते, तालिकेत मात्र पुस्तक संपादकाच्या नावावर असते, आणि विद्यार्थी लेखकाचे नाव घेऊन काउंटरवर येतो. नोंदीत दोन्ही नावे असावीत, आणि आडनाव रोमन लिपीत कसे नोंदले आहे तेही एकदा पाहून घ्यावे, कारण जुन्या तालिकेत एकच मराठी आडनाव तीन तऱ्हांनी लिहिलेले सापडते.

किती प्रती लागतील याचा हिशेब

हा हिशेब फारसे कोणी करत नाही, म्हणून तो येथे पुरता मांडतो. ग्रंथालय सकाळी आठ ते रात्री आठ उघडे आहे आणि राखीव पुस्तकाची मुदत दोन तासांची आहे असे धरू. एका प्रतीच्या दिवसाला सहा पाळ्या होतात. बंद होण्याच्या वेळी पुस्तक रात्रीपुरते घरी देण्याची सवलत असेल तर सातवी पाळी मिळते. साठ विद्यार्थ्यांना एका प्रतीवर साडेआठ दिवस लागतात, म्हणजे आठवड्याच्या वाचनाला एक प्रत अपुरी आहे. दोन प्रती ठेवल्या तर सहा दिवसांत चौऱ्याऐंशी पाळ्या मिळतात आणि कागदावर सगळे सुरळीत दिसते.

कागदावर, कारण विद्यार्थी सहा दिवसांत सारखे विभागून येत नाहीत. निम्मा वर्ग शेवटच्या दोन दिवसांत येतो असे धरणे व्यवहाराला धरून आहे. तीस जण, दोन दिवस, प्रत्येक प्रतीच्या चौदा पाळ्या, म्हणजे दोन प्रतींवर अठ्ठावीस जणांची सोय होते आणि दोन जण उरतात. तिसरी प्रत या दोघांसाठी आणि जेवणाच्या वेळी पुस्तक टेबलावर ठेवून उठून गेलेल्यांसाठी लागते. थोडक्यात, साठच्या वर्गाला तीन, तीसच्या वर्गाला दोन आणि दहा-बारा जणांच्या पदव्युत्तर वर्गाला एक प्रत पुरते. खरेदीच्या प्रस्तावासोबत हा हिशेब जोडला तर ग्रंथालय समितीत ‘एकाच पुस्तकाच्या तीन प्रती कशाला’ या प्रश्नाला उत्तर तयार असते.

मुदत ठरवतानाही वाचनाच्या वेगाचा विचार करावा. पंचवीस पानांचे गंभीर प्रकरण टिपणे काढत वाचायला दोन तास लागतातच. एक तासाची मुदत दिली तर विद्यार्थी वाचत नाही, थेट छायाप्रतीच्या यंत्राकडे जातो. चार तासांची दिली तर पाळ्या निम्म्या होतात.

प्रत हाती घेऊन तपासणे

राखीव कपाटात ठेवण्यापूर्वी नेमलेल्या पृष्ठांचे पान न् पान उलटून पाहावे, ही पायरी कोणत्याही घाईत वगळू नये. काही वर्षांपूर्वी एका सामाजिक शास्त्राच्या विषयासाठी आम्ही एक संपादित ग्रंथ राखीव केला. बांधणी घट्ट होती, पाठीवरची चिठ्ठी नवी होती, बारकोड लगेच वाचला गेला. सहामाही परीक्षेच्या दोन दिवस आधी एका विद्यार्थिनीने पुस्तक काउंटरवर उघडून माझ्यापुढे धरले. पृष्ठ १४० नंतर थेट १५५ होते. मधली सात पाने शिवणीपासून अर्धा सेंटिमीटर अंतर सोडून ब्लेडने इतक्या सरळ कापली होती, की पुस्तक मिटल्यावर काहीच कळत नव्हते. नेमलेले प्रकरण नेमके तेच होते. कापलेल्या कडा पिवळ्या पडलेल्या होत्या, म्हणजे हे काम त्या वर्षीचे नव्हते. त्या पुस्तकाला सत्रभरात नऊ जणांनी हात लावला होता आणि एकानेही तक्रार केली नव्हती, ही गोष्ट मला पानांपेक्षा जास्त लागली. तेव्हापासून तपासणाऱ्याची सही आणि तारीख घेतल्याशिवाय पुस्तक आत येत नाही.

तपासताना सैल झालेली शिवण, पेन्सिलीच्या खुणा आणि वाळवीही पाहावी. सत्रात शंभरदा उघडले जाणारे पुस्तक आधी बांधणीला पाठवणे शहाणपणाचे ठरते. त्यानंतर पाठीवर रंगीत पट्टी लावावी आणि मूळ कपाटातील जागी ‘ही प्रत राखीव विभागात आहे, काउंटरवर विचारावे’ असे लिहिलेले जाड कार्ड किंवा ठोकळा ठेवावा. या कार्डाला क्षुल्लक समजू नये. तालिका न पाहता थेट कपाटाशी जाणारे वाचक आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि जागा रिकामी दिसली की ते पुस्तक हरवले असे समजून निघून जातात.

प्राध्यापकांनी स्वतःची प्रत ठेवायला दिली तर ती आनंदाने घ्यावी, पण लेखी. पुस्तकावर झीज होईल, खुणा पडतील, क्वचित ते हरवेल, याची कल्पना असल्याचे संमतिपत्र घ्यावे. त्यावर ग्रंथालयाचा शिक्का मारू नये, दाखल क्रमांक देऊ नये, तात्पुरता बारकोड सहज निघणाऱ्या आवरणावर चिकटवावा. मालकाच्या समासातील टिपा विद्यार्थी मूळ मजकुरापेक्षा आवडीने वाचतात, हेही देणाऱ्याने लक्षात ठेवलेले बरे.

संगणकातील नोंद

‘कोहा’ ही ग्रंथालयाच्या कामकाजाची मुक्तस्रोत संगणक प्रणाली वापरणाऱ्या ग्रंथालयांत राखीव वाचनासाठी ‘कोर्स रिझर्व्हज’ नावाचा विभाग तयारच असतो, तो फक्त सुरू करावा लागतो. प्रथम प्रणालीच्या सेटिंगमध्ये हा पर्याय चालू करावा, नंतर अधिकृत मूल्यांच्या (ऑथराइज्ड व्हॅल्यूज) यादीत विभागांची आणि सत्रांची नावे भरावीत. त्यानंतर नवा विषय तयार करून त्यात विभाग, विषयाचे नाव व सांकेतांक, सत्र, शिकवणाऱ्याचे नाव, विद्यार्थिसंख्या आणि विद्यार्थ्यांना दिसणारी सूचना भरावी. शेवटी ‘सक्रिय’ ही खूण करायला विसरू नये. ती राहिली तर पुढचे सगळे बरोबर भरूनही काहीच लागू होत नाही, आणि नवख्या सहकाऱ्याचा अर्धा दिवस त्यात जातो.

पुस्तके बारकोड वाचून एकेक किंवा एकगठ्ठा जोडता येतात. जोडताना प्रत्येक प्रतीचा प्रकार आणि कपाटाचे स्थान राखीव काळापुरते बदलता येते. मूळ नोंद प्रणाली सांभाळून ठेवते आणि विषय निष्क्रिय केला की प्रत आपोआप जुन्या प्रकारावर आणि जुन्या जागी जाते. यासाठी ‘राखीव – २ तास’ असा वेगळा प्रकार आधीच तयार करून देवघेवीच्या नियमांत त्याची मुदत दिवसांऐवजी तासांत लिहावी. या प्रकाराला आगाऊ मागणी नोंदवण्याची सोय बंद ठेवावी, नाहीतर घरबसल्या मागणी टाकून एखादा विद्यार्थी रिकाम्या पाळ्या अडवून ठेवतो. पुस्तक सध्या कोणाकडे दिलेले असेल, तर नवा प्रकार लावल्याने त्याची जुनी परतीची तारीख बदलत नाही. प्रत परत मागवून नव्याने द्यावी लागते.

ज्या प्रणालीत असा विभाग नाही, तेथे प्रतीच्या नोंदीतील स्थान ‘राखीव विभाग’ असे बदलून आणि विषयवार यादी वेगळी ठेवून काम भागते. मात्र सत्र संपल्यावर प्रत्येक नोंद हाताने पूर्ववत करावी लागते, म्हणून बदललेल्या दाखल क्रमांकांची यादी जपून ठेवावी.

छायाप्रती आणि प्रताधिकार

पुस्तकाऐवजी प्रकरणाची छायाप्रत राखीव ठेवावी का, हा प्रश्न दर सत्रात विचारला जातो. आपल्या प्रताधिकार कायद्याच्या, म्हणजे कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ मध्ये कोणत्या कृती प्रताधिकाराचा भंग ठरत नाहीत त्यांची सूची आहे आणि शिक्षक किंवा विद्यार्थी यांनी अध्यापनाच्या ओघात केलेली नक्कल तीत येते. या तरतुदीचा अर्थ दिल्लीतील एका खटल्यात तपशीलवार तपासला गेला. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातील छायाप्रतीचे दुकान प्राध्यापकांनी नेमलेल्या वाचनाचे संच बनवून विकत होते, म्हणून ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ मध्ये ते दुकान आणि दिल्ली विद्यापीठ यांच्यावर दावा लावला. दिल्ली उच्च न्यायालयाने १६ सप्टेंबर २०१६ रोजी दावा फेटाळला. त्यावरील अपिलात खंडपीठाने ९ डिसेंबर २०१६ रोजी अध्यापन म्हणजे केवळ वर्गातील व्याख्यान नव्हे आणि नक्कल किती असावी हे अध्यापनाच्या प्रयोजनावरून ठरेल असे सांगितले, मात्र या संचांतील मजकूर त्या प्रयोजनाला खरोखर आवश्यक होता का, एवढा वस्तुस्थितीचा प्रश्न तपासण्यासाठी दावा पुन्हा त्याच न्यायालयाच्या एकसदस्यीय पीठाकडे पाठवला. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला.

या निकालातून ‘काहीही, कितीही’ असा अर्थ काढणारे प्राध्यापक मला भेटले आहेत आणि पुस्तकाच्या दहा टक्क्यांच्या वर एक पान झाले तरी घाबरणारे ग्रंथपालही भेटले आहेत. माझ्या मते व्यवहारात प्रयोजन हाच शब्द धरून चालावे. ज्या प्रकरणावर वर्गात शिकवले जाणार आहे, जे यादीत आठवड्यासह नोंदले आहे, त्याची छायाप्रत राखीव ठेवण्याला आधार आहे. म्हणूनच वर सांगितलेली ‘आठवडा ४, प्रकरण ३’ ही नोंद केवळ सोयीची राहत नाही, प्रयोजनाचा पुरावा म्हणूनही ती कामाला येते. संपूर्ण पुस्तकाची छायाप्रत मात्र बाजारात पुस्तक मिळत असताना ठेवू नये. भारतात विक्रीस उपलब्ध नसलेल्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती बिगरव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःच्या वापरासाठी करता येतात अशी वेगळी तरतूद त्याच कलमात आहे. आपले ग्रंथालय तीत बसते का, हे विद्यापीठाच्या विधी अधिकाऱ्यांकडून एकदा लेखी घेऊन ठेवावे. प्रत्येक छायाप्रतीच्या पहिल्या पानावर लेखक, ग्रंथ, प्रकाशक, वर्ष आणि पृष्ठे लिहावीत. ज्या छायाप्रतीवर मूळ ग्रंथाचे नाव नाही ती विद्यार्थ्याला निबंधात उद्धृत करता येत नाही, आणि ‘सरांनी दिलेली झेरॉक्स’ हा संदर्भ परीक्षक स्वीकारत नाहीत.

जुन्या साहित्याला ही चिंता नाही. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे प्रताधिकार राहतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ६ डिसेंबर १९५६ रोजी निवर्तले, म्हणून त्यांच्या हयातीत प्रकाशित झालेले लेखन १ जानेवारी २०१७ पासून मुक्त झाले आहे. पण त्यावर अलीकडे कोणी केलेला अनुवाद, प्रस्तावना किंवा टिपा यांचा प्रताधिकार वेगळा असतो आणि मृत्यूनंतर प्रथम प्रसिद्ध झालेल्या लेखनाची साठ वर्षे प्रसिद्धीच्या वर्षानंतर मोजतात.

संगणकावरून द्यायचे वाचन

नियतकालिकांतील लेखांसाठी फाईल चढवण्याऐवजी दुवा देणे केव्हाही चांगले. १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या योजनेखाली केंद्र आणि राज्य सरकारच्या उच्च शिक्षण संस्थांना तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके उपलब्ध झाली आहेत, त्यामुळे पूर्वी छायाप्रतीवर चालणारे पुष्कळ वाचन आता विद्यार्थी स्वतः उघडू शकतो. दुवा देताना शोध घेतल्यानंतर पत्त्याच्या पट्टीत दिसणारा लांबलचक पत्ता नक्कल करू नये, कारण तो त्या वेळेपुरता असतो आणि दुसऱ्या दिवशी चालत नाही. लेखाचा ‘डीओआय’, म्हणजे दहाच्या आकड्याने सुरू होणारा कायमचा क्रमांक, वापरावा. दुवा विद्यापीठाच्या आवाराबाहेरून, मोबाइलवरून, विद्यार्थ्याच्या खात्याने एकदा उघडून पाहावा. प्राध्यापकांच्या खोलीतल्या संगणकावर सगळेच उघडते.

ई-पुस्तकाच्या बाबतीत एका वेळी किती वाचकांना परवानगी आहे ते विचारावे. एकाच वाचकाचा परवाना असेल तर ते राखीव कपाटातल्या एका प्रतीसारखेच आहे आणि वरचा सगळा हिशेब त्यालाही लागतो. स्कॅन केलेले प्रकरण द्यायचेच असेल तर ते त्या विषयाच्या नोंदणीकृत विद्यार्थ्यांपुरत्या, खात्याने बंद असलेल्या वर्गात ठेवावे आणि सत्र संपताच काढावे. विभागाच्या खुल्या संकेतस्थळावर किंवा समूहांत फिरणाऱ्या फायलींत ते टाकणे हा अध्यापनाचा ओघ नव्हे.

दृष्टिबाधित विद्यार्थ्यांसाठी येथे जास्त काळजी लागते. पानाचे नुसते छायाचित्र असलेली फाईल पडदावाचक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी प्रणाली, वाचू शकत नाही, आणि मराठीतील जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेला मजकूर तो निरर्थक रोमन अक्षरांच्या ओळी म्हणून वाचतो. विभागाच्या संगणकावर वर्षानुवर्षे पडून असलेल्या मराठी नोट्स बहुधा अशाच असतात. त्या युनिकोडमध्ये बदलून, आणि स्कॅन केलेला मजकूर अक्षरओळख करून व तपासून, सत्राआधी तयार ठेवाव्यात. अपंग व्यक्तींसाठी वाचनसुलभ प्रत तयार करण्याला २०१२ च्या दुरुस्तीने कायद्यात स्पष्ट मुभा दिली आहे, त्यामुळे येथे कचरण्याचे कारण नाही.

काउंटरवरचे नियम

नियम थोडे आणि छापील असावेत. ओळखपत्र दाखवून एका वेळी एक पुस्तक, दोन तास, पुढे कोणी थांबलेले नसेल तरच त्याच व्यक्तीला पुन्हा. रात्रीपुरते पुस्तक ग्रंथालय बंद होण्याच्या अर्धा तास आधी आणि परत दुसऱ्या दिवशी उघडल्यापासून अर्ध्या तासात. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात रात्रीपुरते देणे बंद. विलंबाचा दंड तासावर लावतात, पण दंडापेक्षा आठवडाभर राखीव विभागाची सवलत थांबवणे जास्त गुणकारी ठरते. पाच-दहा रुपये भरून पुस्तक ठेवून घेणारे विद्यार्थी असतात आणि गरीब विद्यार्थ्याला तीच रक्कम जड जाते.

कपाटातील मांडणी वर्गांकाने नव्हे, विषयाच्या सांकेतांकाने आणि त्यात लेखकाच्या नावाने करावी असे माझे मत आहे. ग्रंथालयशास्त्राला हे मान्य नसेल, पण काउंटरवर येणारा विद्यार्थी ‘आमच्या तिसऱ्या पेपरचे पुस्तक’ असे म्हणतो, वर्गांक म्हणत नाही, आणि संध्याकाळच्या पाळीतील नवा सहायक त्याला तेवढ्यावरून पुस्तक काढून देऊ शकला पाहिजे. प्राध्यापकांनीही पहिल्या तासालाच राखीव विभाग कोठे आहे, मुदत किती आहे आणि कोणत्या आठवड्यात काय वाचायचे आहे हे सांगावे. एका विभागाने यादी मनापासून करून दिली, आम्ही सगळी पुस्तके वेळेवर लावली आणि सत्रभर त्यांवर धूळ बसली, कारण वर्गात ही गोष्ट कोणी बोललेच नव्हते.

सत्र संपल्यावर

शेवटच्या परीक्षेनंतर आठवडाभरात विषय निष्क्रिय करावा. त्याआधी प्रत्येक पुस्तक किती वेळा दिले गेले याचा अहवाल काढून प्राध्यापकांना आणि खरेदी विभागाला पाठवावा. एकदाही न मागितलेले शीर्षक पुढच्या यादीतून गाळावे आणि साठ-सत्तर वेळा गेलेल्या शीर्षकाची आणखी प्रत घ्यावी. पुढच्या वर्षी तोच विषय असला तरी यादी नव्याने, तारीख घालून मागवावी. जुनी यादी आपोआप पुढे चालू ठेवली की शिकवणारे बदलतात, अभ्यासक्रम बदलतो आणि कपाटात तीच पुस्तके बसून राहतात.

रंगीत पट्टी काढताना ती हळूच, पाठीच्या वरच्या टोकाकडून सोलावी, नाहीतर वर्गांकाची चिठ्ठीही सोबत निघते. पाने पुन्हा एकदा मोजावीत. प्राध्यापकांच्या स्वतःच्या प्रती तात्पुरता बारकोड काढून, संमतिपत्रावर पोच घेऊन परत कराव्यात, आणि पुस्तके जागी गेली की मूळ कपाटातील कार्डे गोळा करून आणावीत, कारण पुस्तक शेजारी उभे असताना ‘काउंटरवर विचारावे’ असे सांगणारे कार्ड वाचकाला विनाकारण खाली पाठवते.